इंदूरला बसून लास वेगासच्या नाहीशा झालेल्या हॉटेलचा इतिहास कसा शोधायचा

मागच्या दिवाळीआधी रामबागेतलं आमचं जुनं घर आवरायला काढलं तेव्हा मोठ्या काकांची, म्हणजे आमच्या अप्पांची, पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात स्वेटरच्या घडीत दोन वस्तू सापडल्या. एक रंगीत पोस्टकार्ड, त्यावर रात्रीचा रस्ता, दोन्हीकडे दिवेच दिवे. आणि एक पुठ्ठ्याची चपटी माचिस, आपल्याकडे असते तशी खोक्याची नाही, पाकिटासारखी घडीची, तिच्यावर इंग्रजीत 'द मिंट, लास वेगास'. कार्डावर उजवीकडच्या उंच इमारतीवर पेन्सिलीने बारीक फुली मारलेली आणि मागे फक्त दोन शब्द, 'मी इथे'. कार्ड पोस्टात टाकलेलंच नव्हतं, सोबतच घेऊन आले असणार. अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. काकूला एवढंच आठवतं की मिलमधून मशिनरीच्या ट्रेनिंगला लॉस एंजेलिसला गेले होते आणि मध्येच एका सुट्टीत बसने वेगासला जाऊन आले, पण साल काही तिला सांगता येईना.

त्या दोन वस्तूंवरून चार महिन्यांत मी त्या हॉटेलचा बऱ्यापैकी इतिहास लावला, एकदाही इंदूरच्या बाहेर न जाता, रोज रात्री जेवणं झाली की तासभर बसून. कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण अशा ट्रंका आपल्याकडे घरोघरी आहेत आणि घर विकताना पहिलं काय होतं तर हे कागद रद्दीत जातात.

सगळ्यात आधी, वस्तू पुसू नका. धूळ मऊ ब्रशने झटका, बस. ओला कपडा नको, सेलोटेप तर अजिबात नको. माचिसची पिन काढून ती सपाट करायचा मोह होतो, तो टाळा. आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, सहाशे डीपीआयवर, मोबाईलचा फोटो चालतो पण बारीक अक्षरं वाचायची असतील तर स्कॅनच हवा. आणि वस्तू कुठे, कशाबरोबर सापडली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. आमच्याकडे ट्रंकेत त्याच घडीत एक फाटकं बसचं तिकीट होतं, ते मी बाजूला ठेवलं आणि पुढच्या तीन दिवसांच्या गडबडीत हरवलं. त्यावर बहुतेक तारीख होती. अजून चुटपुट लागते.

आता साल काढायचं. इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा शोध सालावर उभा राहतो. माचिस हातात घेऊन मी पहिलं बघितलं ते काडी ओढायची पट्टी कुठल्या बाजूला आहे. अमेरिकेतल्या जुन्या माचिसवर ती पट्टी पुढच्या बाजूला, झाकणाच्या खालीच असायची, उघडी माचिस ओढताना ठिणगी आतल्या काड्यांवर उडायची म्हणून सत्तरच्या दशकात ती मागे नेली. आमच्या माचिसची पट्टी पुढे आहे, म्हणजे जुनी. मग पत्ता. तिथला पाच आकडी पिनकोड, ज्याला ते झिप म्हणतात, १९६३ साली सुरू झाला, तेव्हा पत्त्यात झिप असेल तर वस्तू त्यानंतरचीच. उलट मात्र धरू नका, झिप नाही म्हणून त्याआधीची असं होत नाही, छापणारे कित्येक वर्षं जुनाच ठसा वापरायचे.

खरी मजा पोस्टकार्डात आहे. हा रस्ता म्हणजे फ्रीमॉन्ट स्ट्रीट, लास वेगासचं जुनं डाउनटाउन. आपण सिनेमात बघतो ती झगमगती स्ट्रिप वेगळी, ती गावाच्या दक्षिणेला नंतर वाढली, मूळ गाव हेच, रेल्वेने १५ मे १९०५ ला प्लॉट लिलावात विकले तेव्हाचं. अशा फोटोत तुमच्या हॉटेलकडे बघायच्या आधी शेजारी बघा. माझ्या कार्डात फोटो काढणारा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. डावीकडे फोर क्वीन्सची पाटी आहे, ते हॉटेल १९६६ ला उघडलं, मालकाला चार मुली म्हणून ते नाव. उजवीकडे हॉर्सशू नावाचा कॅसिनो, त्याच्यापलीकडे मिंट आणि मिंटचा सव्वीस मजली टॉवर, तो १९६५ चा. आणि रस्त्याच्या अगदी टोकाला, जिथे आज प्लाझा हॉटेलची इमारत रस्ता अडवून उभी आहे तिथे काही उंच दिसत नाही, रेल्वे स्टेशनची बैठी इमारत दिसते. प्लाझा स्टेशनच्याच जागेवर १९७१ ला उघडलं. म्हणजे कार्डावरचा फोटो १९६६ ते १९७१ च्या मधला. भिंगाखाली हे सगळं जुळत गेलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी काकूला उठवायला निघाले होते. नंतर अप्पांचा जुना पासपोर्ट मिळाला, त्यावर शिक्का १९६८ चा.

एक सावधगिरी, कार्डावरचा फोटो आणि कार्ड विकत घेतल्याचं साल एक नसतं, दुकानात जुनी कार्डं वर्षानुवर्षं पडून असतात. म्हणून पासपोर्ट, पत्र, नोकरीच्या रजेचा कागद, असं काहीतरी स्वतंत्र हवंच.

साल मिळालं की वही घ्या आणि एका पानावर चार रकाने पाडा, नाव, इमारत, मालक, लायसन्स. मला हे कळायला दीड महिना लागला आणि तोपर्यंतचं अर्धं टिपण पुन्हा लिहावं लागलं. आपण सहज म्हणतो की ते हॉटेल बंद पडलं. पण कॅसिनो हॉटेलच्या बाबतीत बंद काय पडलं हे विचारावं लागतं, कारण या चार गोष्टी चार दिशांनी जातात. आपल्या इंदूरलाच बघा ना, रीगल चौराहा म्हणतो आपण, रीगल टॉकीज बंद झाली तरी चौकाचं नाव तेच. यशवंत निवास रोडवर लँटर्न हॉटेल होतं, हॉटेल गेलं, लँटर्न चौराहा राहिला, आजची पोरं रिक्षावाल्याला ते नाव सांगतात आणि त्यांना हॉटेल असं काही होतं हेच माहीत नसतं. नाव एकीकडे, इमारत एकीकडे.

मिंटचे चार रकाने भरून दाखवते म्हणजे कळेल. १९५७ ला मिंट उघडलं, शंभर नंबर, फ्रीमॉन्ट स्ट्रीट. मागे होते मिल्टन प्रेल, स्ट्रिपवरच्या सहारा हॉटेलवाले. तेव्हा तो नुसता कॅसिनो होता, दर्शनी भागावर गुलाबी निऑनची वर उसळलेली कमान आणि टोकावर चांदणी. १९६१ ला डेल वेब यांच्या कंपनीने सहारा आणि मिंट दोन्ही घेतले. हे मूळचे बांधकाम ठेकेदार, फ्लेमिंगो हॉटेल यांनीच बांधलेलं आणि न्यूयॉर्कच्या यांकीज बेसबॉल टीमचे भागीदार मालक. बांधकामवाला मालक आला की टॉवर येणारच, तो १९६५ ला आला, वर टॉप ऑफ द मिंट नावाचं रेस्टॉरंट. मग १९८८ ला शेजारच्या हॉर्सशूवाल्या बिनियन कुटुंबाने मिंट विकत घेतलं आणि मधली भिंत पाडून दोन्ही एक केले. नावाचा रकाना इथे संपला. इमारतीचा नाही, टॉवर अजून उभा आहे.

आणि मग हॉर्सशूचंही तेच झालं, म्हणून शेजाऱ्याचेही रकाने भरायचे. ती जागा मुळात अपाची हॉटेल, १९३२ चं, त्यात खाली एल्डोराडो क्लब, ते दोन्ही घेऊन बेनी बिनियन यांनी १९५१ ला हॉर्सशू काढलं. पोकरची जी वर्ल्ड सिरीज आज टीव्हीवर दिसते ती १९७० ला इथेच सुरू झाली. काचेत दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा लावलेल्या, म्हणजे दहा लाख डॉलर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा त्याच्यासमोर फुकट फोटो. जानेवारी २००४ मध्ये कामगारांच्या विम्याचे आणि पेन्शनचे पैसे थकले म्हणून सरकारी मार्शल आले, गल्ल्यातली रोकड जप्त झाली आणि दरवाजे बंद. मिलच्या गावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या दिवशी कामावर आलेल्या माणसाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. मग हॅराज या मोठ्या कंपनीने खरेदी केली, पण त्यांना काय हवं होतं तर हॉर्सशू हे नाव आणि पोकरची स्पर्धा. ती दोन्ही ठेवून इमारत त्यांनी पुढे दुसऱ्यांना दिली, ती पुढे बिनियन्स नावाने चालू राहिली. आणि २०२२ च्या शेवटी स्ट्रिपवरच्या बॅलीज हॉटेलला हॉर्सशू नाव दिलं गेलं. आता तुम्ही गूगलवर हॉर्सशू लास वेगास टाकलं तर पहिलं हेच येईल, ज्याचा अप्पांच्या कार्डावरच्या हॉर्सशूशी इमारत म्हणून काडीचा संबंध नाही. रकाने पाडले नसते तर मी सरळ चुकीचा पत्ता लिहून मोकळी झाले असते.

लायसन्सचा रकाना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो पण सोडू नका. नेवाडा राज्यात जुगार १९ मार्च १९३१ ला कायदेशीर झाला. १९५५ ला जुगारावर देखरेख करणारं गेमिंग कंट्रोल बोर्ड आलं, १९५९ ला त्याच्यावर गेमिंग कमिशन. आणि साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत नियम असा की कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीच्या प्रत्येक शेअरहोल्डरला लायसन्स लागायचं. शेअर बाजारातल्या कंपनीला हे कसं जमणार, हजारो शेअरहोल्डर! म्हणून जमीन-इमारत एका कंपनीकडे आणि जुगाराचा कारभार दुसऱ्या कंपनीकडे अशी सोय करावी लागायची. १९६७ आणि १९६९ ला कायदा बदलला. त्यामुळे त्या काळातल्या कागदात एकाच हॉटेलला दोन-दोन 'मालक' दिसले तर गोंधळू नका, दोन्ही बरोबर असू शकतात.

शोधायचं कुठे? नुसतं 'मिंट नेवाडा' टाकलंत तर टांकसाळ येईल, कारण कार्सन सिटीला खरीखुरी सरकारी टांकसाळ होती, १८७० पासूनची, तिच्या नाण्यांची हजारो पानं आहेत. माझे पहिले आठ दिवस चांदीच्या डॉलरमध्ये गेले. तेव्हा हॉटेलचं नाव आणि रस्त्याचं नाव कायम जोडीने टाका, 'मिंट हॉटेल फ्रीमॉन्ट स्ट्रीट' असं, अवतरणात. रस्त्यांची नावंही बदलतात, तिथला सेकंड स्ट्रीट आता कॅसिनो सेंटर बुलेव्हार्ड आहे, दोन्ही नावांनी शोधा.

विद्यापीठाचा संग्रह हा मोठा खजिना. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाच्या स्पेशल कलेक्शन्समध्ये फोटो, मेन्यू कार्डं, जाहिराती, जुन्या कामगारांच्या मुलाखती असं पुष्कळ आहे आणि बरंचसं घरबसल्या फुकट बघता येतं. मेन्यू कार्डं जरूर बघा, जेवणाचा भाव, कोणत्या प्रकारचं गिऱ्हाईक अपेक्षित होतं, सगळं त्यात कळतं. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, असेसर ऑफिसच्या साइटवर पत्ता टाकला की प्लॉटचा नंबर आणि आत्ताचा मालक दिसतो, आपल्याकडच्या खसऱ्यासारखं. अगदी जुन्या काळासाठी विम्याच्या कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे आहेत, एकेक इमारत विटेची की लाकडाची तेही रंगाने दाखवलेलं, ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मिळतात. त्याच लायब्ररीच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात लास वेगास एज हा पेपर वाचता येतो, पण तो सुरुवातीच्या दशकांसाठी. पन्नास-साठच्या दशकासाठी रिव्ह्यू-जर्नल आणि सन हे दोन पेपर, त्यांच्या जुन्या अंकांना बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, मी एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि आधी प्रश्नांची यादी करून मगच घेतलं, नाहीतर जाहिराती वाचण्यातच महिना जातो.

ईमेल लिहायला लाजू नका. मी पहिलं ईमेल दोन पानी लिहिलं होतं, अप्पांची सगळी कहाणी, उत्तर आलं नाही. दुसरं पाच ओळींचं लिहिलं, कार्डाचा स्कॅन जोडला आणि एकच प्रश्न विचारला, टॉवरच्या खोल्या पाहुण्यांसाठी कधीपासून चालू होत्या. तीन दिवसांत उत्तर आलं, तेही अगदी प्रेमाने. एका ईमेलमध्ये एक प्रश्न. फोन करायचा असेल तर वेळ बघा, उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. आपल्याकडे रात्रीचे दहा म्हणजे तिकडे सकाळ.

दोन ठिकाणी दोन वेगळी सालं लिहिलेली सापडली की लगेच एक खोटं ठरवू नका. मिंटच्या नावाने वाळवंटात गाड्यांची शर्यत व्हायची, मिंट ४००, ती सुरू झाल्याचं कुठे १९६७ लिहिलंय कुठे १९६८. खणल्यावर कळलं की १९६७ ला प्रसिद्धीसाठी दोन बग्गी-गाड्या मिंटपासून लेक टाहोच्या सहारा हॉटेलपर्यंत पळवल्या आणि प्रत्यक्ष शर्यत १९६८ पासून. दोघंही आपापल्या जागी खरे. हॉटेलांचंही असंच असतं, पायाभरणी, लायसन्स, उद्घाटन, पहिला पाहुणा, चार तारखा. आणि या शर्यतीवरून एक फार गाजलेली कादंबरी निघाली, ती वाचा हवी तर पण तिच्यातलं काही पुरावा म्हणून वहीत उतरवू नका.

जे जाहिरातीत नाही ते मुद्दाम शोधा, हे मी फार कळकळीने सांगते. माहितीपत्रकात सगळे हसतायत. पण २६ मार्च १९६० पर्यंत लास वेगासच्या बहुतेक कॅसिनो हॉटेलांत काळ्या लोकांना गिऱ्हाईक म्हणून येऊच देत नसत. जे गायक रात्री स्टेजवर टाळ्या घ्यायचे त्यांना झोपायला रेल्वे लाइनपलीकडच्या वेस्टसाइडला जावं लागायचं. १९५५ ला तिथे मूलाँ रूज नावाचं सगळ्यांना मोकळं असलेलं हॉटेल निघालं, काही महिन्यांतच बंद पडलं, पण पुढे ही बंदी उठवायचा १९६० चा समझोता त्याच इमारतीत झाला. म्हणजे मिंट उघडलं तेव्हा, १९५७ ला, अप्पांसारखा सावळा माणूस दारात उभा राहिला असता तर दरवान काय म्हणाला असता? १९६८ ला ते आत गेले, राहिले, फुली मारून 'मी इथे' लिहिलं. ते दोन शब्द मला हे वाचल्यावर वेगळेच दिसायला लागले. आणि त्याच रस्त्यावरून १९५१ पासून पुढची काही वर्षं उत्तरेकडच्या अणुस्फोटांचे ढग दिसायचे, हॉटेलवाले त्याचीही जाहिरात करायचे. हे सगळं वहीत आलं पाहिजे.

घरातल्या ऐकीव गोष्टींचं काय करायचं? आमच्याकडे एक गोष्ट चालत आलीय की अप्पा तिथे मोठी रक्कम जिंकले आणि त्यातून काकूच्या पाटल्या झाल्या. मी सोनाराची पावती शोधली, ती १९६४ ची निघाली, अप्पा जायच्या चार वर्षं आधीची. आणि त्या काळात भारतातून जाणाऱ्याला परकीय चलन अगदी मोजकं मिळायचं, खेळायला हातात होतं काय? मी काकूला पावती दाखवली, ती म्हणाली, "अगं, ती गोष्ट त्यांनीच मुलांना हसवायला रचली होती, मी कधी मोडली नाही." मी दोन्ही लिहून ठेवलं, गोष्ट गोष्टीच्या पानावर आणि पावती पुराव्याच्या पानावर. घरच्या माणसाला खोटं पाडायच्या सुरात विचारलंत तर पुढचं काही सांगणार नाहीत.

सगळ्यात शेवटी जागेवर कोणाला तरी उभं करा. आज इंदूरच्या कुठल्या मराठी घरातलं कोणी अमेरिकेत नाही? माझ्या मावसभावाची मुलगी ऑफिसच्या कामाने वेगासला जाणार होती, तिला मी स्कॅन पाठवला आणि तीन गोष्टी लिहून दिल्या. फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर १९९५ पासून वरून कमानीचं छत आहे, त्याच्याखाली उभं राहून टॉवर नीट दिसत नाही, म्हणून मागे ऑग्डेन ॲव्हेन्यूच्या बाजूला जायचं. चोविसाव्या मजल्यावर जिथे टॉप ऑफ द मिंट होतं तिथे नंतर बिनियन्सचं स्टेकहाऊस झालं, लिफ्टचा फोटो काढायचा. आणि टॉवरचे मजले मोजायचे. या टॉवरमधल्या पाहुण्यांच्या खोल्या २००९ च्या डिसेंबरमध्ये बंद झाल्या. अपाचीच्या जुन्या भागातल्या खोल्या मात्र २०१९ ला पुन्हा उघडल्या, हॉटेल अपाची याच नावाने, म्हणजे सगळ्यात जुनं नाव परत आलं, मिंटचं नाही.

तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे आठ वाजले होते, पोहे कढईत होते. तिने कॅमेरा वर केला, एका हातात स्कॅनची प्रिंट. वरून मोजत आली, मी इकडे कार्डावर भिंग धरून मोजत होते, काकू चष्मा लावून मागे उभी. फुली वरून नवव्या ओळीवर येते. तिने तिथे कॅमेरा थांबवला, खिडकी बंद, आत अंधार. काकू बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढ्या वर? त्यांना तर गच्चीवर जायची भीती वाटायची." ते वाक्य मी त्याच दिवशी तारीख घालून वहीत लिहिलं.